काल बारा वाजता सुट्टी

सुकदेवला स्वस्थ बसलेला मी आयुष्यात फार थोड्या वेळा पाहिला आहे, आणि त्यातल्या निम्म्या वेळा मीच त्याला दटावून बसवलेला होता. मी सुरतेत महापालिकेच्या मराठी शाळेत एकतीस वर्षं शिकवलं. दुसरी ते चौथी हा मुलगा माझ्या वर्गात होता. पाढे म्हणतानाही त्याचा एक पाय दाराकडे असायचा. आता तो चौतीस वर्षांचा आहे, लूम चालवतो, दोन मुलांचा बाप आहे आणि गोडादऱ्यात माझ्या समोरच्याच घरात वरच्या मजल्यावर भाड्याने राहतो. चहा अजून उभ्यानेच पितो. "बस रे जरा," म्हटलं की "बसतो ना बाई," म्हणतो आणि जिन्याकडे चालू लागतो.

घाई हा त्याचा स्वभाव म्हणावा की दुखणं, मला ठरवता आलेलं नाही. गावी जायची गाडी सहाची असली की हा चारला स्टेशनवर. स्वतःच्या लग्नात मांडवाचे खांब रोवायच्या आधी नवरदेव हजर होता असं त्याची बायको योगिता सांगते, आणि सांगताना हसत नाही. मुलगी तेजस्विनी, म्हणजे आमची तेजू, सहा वर्षांची. तिची शाळा पाचला सुटते. हा साडेचारला फाटकाबाहेर मोटारसायकल लावून बोटात किल्ली फिरवत उभा.

याला कारण आहे. तेही सांगून टाकते, नाहीतर म्हणाल म्हातारी नुसती नावं ठेवते. त्याचा बाप भाऊराव लूमवरच होता. लूमच्या कारखान्याला इथे खातं म्हणतात. एकदा भाऊराव खात्यात दहा मिनिटं उशिरा पोचला तर त्याच्या लूमवर दुसरा माणूस उभा होता. पुढे तीन महिने बाप घरी बसून होता. सुकदेव तेव्हा तिसरीत. त्यानंतर तो शाळेत सगळ्यांच्या आधी यायला लागला, शिपायाच्याही आधी. मी त्याचं भर वर्गात कौतुक केलं, बाकीच्यांना त्याचं उदाहरण दिलं. मुलाला भीती बसली आहे हे मला त्या वेळी दिसलं नाही. आम्हा मास्तर लोकांना वक्तशीरपणा फार लवकर दिसतो.

योगिता रिंग रोडच्या मार्केटात साड्यांच्या घड्या घालून पॅकिंग करते. सकाळी नऊला जाते, रात्री आठला येते. सुकदेवची एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रातपाळी. रातपाळीच्या आठवड्यात मुलं दिवसभर त्याच्या ताब्यात. सकाळी साडेसातला तो येतो, डोळे लाल, केसांत धाग्यांचा भुसा, आणि आल्या पावली तेजूची वेणी घालायला घेतो. तुटलेला धागा दोन बोटांत धरून पापणी लवायच्या आत गाठ मारायची त्याला सवय. तीच गाठ तो तेजूच्या रिबिनीला मारतो. संध्याकाळी ती योगिताला सुटत नाही. महिन्याला दोन रिबिनी तरी कात्रीने कापाव्या लागतात, आणि त्यावरून दोघांचं भांडण होतं ते मला माझ्या स्वयंपाकघरात ऐकू येतं.

तेजूला शाळेत सोडलं की धाकट्या हर्षलला खिचडी. हर्षू दोन वर्षांचा, थेट बापावर गेलेला. दार किलकिलं दिसलं की हा जिन्यात. म्हणून सुकदेव जुन्या साडीचं एक टोक हर्षूच्या कमरेला आणि दुसरं स्वतःच्या मनगटाला बांधून झोपतो. साडी ताणली की जाग येते. अशी दहा वेळा मोडलेली चार-पाच तासांची झोप घेऊन हा माणूस संध्याकाळी पुन्हा बारा तास उभं राहायला जातो. मला राग येतो. नेमका कोणाचा येतो ते कळत नाही, म्हणून मी त्याच्यावरच ओरडते.

तेजूला त्याने गुजराती शाळेत घातलं. मला सांगायला आला तेव्हा चोरी पकडल्यासारखा उभा होता. "बाई, तिला पुढे इथेच राहायचंय," म्हणाला. आमच्या मराठी शाळेत आता वर्गाला दहा मुलं उरत नाहीत, मी कोणत्या तोंडाने अडवणार? म्हटलं, घाल बाबा, पण घरात मराठी नीट ठेव. हे त्याने इतकं मनावर घेतलं की रोज संध्याकाळी पोरीला माझ्यापुढे उभी करायला लागला. "बाई, हिची भाषा बघा." घरात अहिराणी, शाळेत गुजराती, गल्लीत हिंदी आणि माझ्या ओट्यावर शुद्ध मराठी, असा त्या एवढ्याशा जिवाचा दिवस. सुकदेव स्वतःही माझ्यासमोर तपासून तपासून बोलतो. अहिराणीचा एक शब्द माझ्यासमोर कधी त्याच्या तोंडून निसटला नव्हता. मला त्याचं बरं वाटायचं.

ती गोष्ट घडली तेव्हा रातपाळीचाच आठवडा होता. सोमवारी सुकदेवला साडेसहाला निघायचं होतं, म्हणजे तो पावणेसहालाच बूट घालून माझ्या ओट्यावर तयार. योगिता येईपर्यंत मुलं माझ्याकडे असतात. हर्षू माझ्या चपला पायांत घालून अंगणात फेऱ्या मारत होता. तेजूने बापाची पँट धरली आणि म्हणाली, "पप्पा, काल बारा वाजता सुट्टी!"

सुकदेव हसला. "काल तर रविवार होता, वेडाबाई. काल पूर्ण दिवस सुट्टी."

"नाही, काल बारा वाजता. टीचरने सांगितलं."

"रविवारी टीचरलाही सुट्टी असते," तो म्हणाला आणि माझ्याकडे बघून पुन्हा हसला. मलाही हसू आलं. मग माझ्यातली मास्तरीण जागी झाली. ती झोपते कधी हा प्रश्नच आहे.

"तेजू, इकडे ये," मी म्हटलं. "नुसतं 'काल सुट्टी' असं वाक्य होत नाही. काल म्हणजे गेलेला दिवस. मग कसं म्हणायचं? काल सुट्टी होती. म्हण बघू."

"पण बाई-आजी..."

"आधी म्हण."

तिने बापाकडे पाहिलं. बाप कौतुकाने मान हलवत होता. "काल सुट्टी होती," ती हळूच म्हणाली. मी तिच्याकडून ते आणखी दोनदा म्हणून घेतलं, शाब्बास म्हटलं आणि डब्यातली चिक्की दिली. सुकदेव खूश होऊन पाळीला गेला. मीही त्या संध्याकाळी स्वतःवर खूश होते.

मंगळवारी सकाळी सगळं रोजच्यासारखं झालं. दहाला त्याने तेजूला शाळेत सोडलं, अकराला मनगटाला साडी बांधून झोपला. चारनंतर त्याची मोटारसायकल सुरू झालेली मी ऐकली, घड्याळाकडे बघून मनातल्या मनात त्याला शिव्या घातल्या आणि तांदूळ निवडायला घेतले. पावणेपाचला तीच मोटारसायकल गल्लीत परत आली, ती थांबायच्या आधीच तो उतरला होता. पुढे टाकीवर हर्षू. मागे कोणी नव्हतं.

"बाई, शाळा बंद शे. कुलूप शे. पोर सापडी नही ऱ्हायनी."

तो माझ्यासमोर अहिराणी बोलत होता आणि त्याला ते कळतही नव्हतं.

शाळेसमोरच्या चहावाल्याने त्याला सांगितलं होतं की शिक्षकांची कसलीशी मीटिंग होती, शाळा बारालाच सुटली. म्हणजे जवळजवळ पाच तास झाले होते. योगिताला फोन लावला, वाजून वाजून बंद झाला. मार्केटात कामावर मोबाइल पिशवीत ठेवावा लागतो. शाळेचा मेसेजही तिच्याच मोबाइलवर येतो, गुजरातीत, आणि तोही त्या पिशवीतच पडून होता हे आम्हाला नंतर कळलं.

"थांब, सुकदेव. पाणी पी. नीट विचार करू," मी म्हटलं.

"थांबू कसा?" असं म्हणत त्याने हर्षूला माझ्या हातात कोंबला. मागच्या गल्लीत दगा नावाचा एकजण शाळेची रिक्षा चालवतो. त्याला मी माझ्या फोनवरून विचारलं. बाराला फाटकावर एवढी गर्दी होती की आपल्या रिक्षातली बारा पोरं मोजतानाच नाकी नऊ आले, असं तो म्हणाला. तेजू त्याला दिसली नव्हती. हे ऐकेपर्यंतही सुकदेव थांबला नव्हता. पोलीस चौकीत जातो, कालव्याकडे बघतो, खात्यावर बघतो, असं एका दमात म्हणाला आणि गेला. कालव्याचं नाव त्याने का घेतलं असेल ते मला कळलं आणि मी हर्षूला उगाचच छातीशी घट्ट धरलं.

माझ्या नोकरीत चार मुलं हरवली आणि चारही सापडली. त्यातून मी एवढं शिकले आहे की हरवलेलं मूल जिथे त्याला सोडलं तिथे परत येतं, आणि मोठी माणसं ती एक जागा सोडून गावभर हिंडतात. मी घराला कडी घातली, हर्षूला कडेवर घेतलं आणि कोपऱ्यावर जाऊन रिक्षा केली. माझे गुडघे म्हणजे बोलायलाच नको. रिक्षात हर्षू दर दोन मिनिटांनी माझी हनुवटी धरून "दीदी?" विचारत होता. रस्त्याने कापडाचे तागे भरलेले टेम्पो एकामागे एक धावत होते. रोज हेच टेम्पो असतात, पण त्या दिवशी प्रत्येकाची उंची मी सहा वर्षांच्या मुलीच्या उंचीशी लावून बघत होते. मला भीती वाटत होती. मी देवाधर्माची फार नाही, पण त्या रिक्षात मी बऱ्याच देवांना बरंच काही कबूल करून टाकलं.

शाळेचं फाटक बंदच होतं. फाटकाच्या डाव्या अंगाला एक बाई पेरूची टोपली घेऊन बसली होती आणि तिच्याजवळ गोणपाटावर मांडी घालून तेजू पेरू खात होती. हनुवटीला तिखटमीठ लागलेलं. वेणीची गाठ जशीच्या तशी.

मी तिथेच धुळीत बसले. हर्षू माझ्या कडेवरून घसरला आणि थेट पेरूंवर गेला.

"बा, आ छोकरी तमारी छे?" पेरूवाली माझ्यावर कडाडली. "क्यारनी बेठी छे! एना बापने कंई भान छे के नहीं?"

पोर केव्हाची बसली आहे, बापाला भान आहे की नाही, असं ती विचारत होती. मी माझ्या गुजरातीत कसंबसं समजावलं. ती मान फिरवून स्वतःशीच पुटपुटली, "माय वं माय, काय बाप म्हनावा!" मी चमकून विचारलं, "तुम्ही मराठी?" ती शहाद्याकडची निघाली, नाव पुष्पाबाई. तेजूही खानदेशी आहे हे तिला माझ्याकडून कळलं. दोघी दुपारभर एकमेकींशी तोडकंमोडकं गुजराती बोलत बसल्या होत्या, कारण शाळेच्या फाटकाबाहेर मराठी कोण बोलणार!

झालं होतं ते असं. बाराला सगळी मुलं गेली. तेजू टीचरला "मारा पप्पा आवे छे" असं सांगून फाटकाशी उभी राहिली. एक वाजता पुष्पाबाई टोपली उचलायला लागली तरी ही उभीच. नंबर विचारला तर हिला आईचा पाठ, तो कोणी उचलेना. बाप एरवी कधी येतो म्हणून विचारलं तर म्हणाली, पाचला. मग पुष्पाबाई तिला शाळेमागच्या आपल्या खोलीवर घेऊन गेली, डाळभात घातला, झोपवलं आणि वेळेवर परत आणून बसवलं.

"आम्ही पावणेपाचले उनूत," ती म्हणाली.

सुकदेव साडेचारला येऊन गेला होता. पंधरा मिनिटं तो तिथे उभा राहिला असता तर पोर त्याच्या समोर चालत आली असती. पण फाटकाला कुलूप दिसल्यावर पंधरा मिनिटं उभा राहील तो सुकदेव कसला?

मी त्याला फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. मोटारसायकलवर त्याला ऐकू जात नसणार. लावत राहिले आणि मध्येच तेजूवर चिडून म्हटलं, "अगं, बाराला सुटणार हे घरी सांगायचं नाही का?"

तिने पेरू खाली ठेवला. "सांगितलं होतं," ती म्हणाली. "काल बारा वाजता सुट्टी, असं सांगितलं होतं. तुम्ही हसले. मग तुम्ही मला 'होती' म्हणायला लावलं."

गुजरातीत उद्यालाही काले म्हणतात. गेलेला दिवस काल आणि येणारा दिवसही काल, वाक्यावरून ओळखायचं. हे मला माहीत नाही असं नाही. दूधवाला "काले आवीश" म्हणाला की मी उद्याचीच वाट बघते. सुकदेवचा शेठ त्याला दिवसातून दहा वेळा काले-काले करतो. आणि आमच्या मराठीतला 'परवा' तरी काय, मागेही जातो आणि पुढेही, त्याला आम्ही कधी हटकत नाही. पण पोरगी माझ्या ओट्यावर उभी होती, म्हणून मी तिचं मराठी तपासत होते. ती काय सांगते आहे ते ऐकायचं राहूनच गेलं. एवढंच करून मी थांबले नाही. तिचा निरोप मी तिच्याच तोंडून तीनदा खोटा वदवून घेतला आणि वर चिक्की दिली.

सातव्या वेळी फोन लागला. "सापडली," मी म्हटलं, "शाळेपाशी ये." फोनमध्ये नुसते हॉर्न ऐकू येत होते.

सहाच्या सुमारास तो आला. शर्ट घामाने भिजलेला, एका पायात चप्पलच नव्हती. तेजूपुढे उकिडवा बसून त्याने तिचे हात, कान, मान, गुडघे सगळं फिरवून फिरवून पाहिलं, कापडात डाग शोधावा तसं. सगळं जागच्या जागी आहे हे कळल्यावर त्याचा आवाज फुटला. "तुले सांगता येत नही का?" तो एवढ्या जोरात ओरडला की चहावाला पुढे आला.

"तिने सांगितलं होतं, सुकदेव," मी म्हटलं. आणि सगळं सांगितलं. काल, काले, सोमवार, माझं व्याकरण, सगळं. चूक तुझी नाही, तिची नाही, माझी आहे, असंही सांगितलं.

तो ऐकत होता. ऐकताना त्याचा चेहरा एकदा ढासळला, कारण त्यालाही ते हसणं आठवलं असणार. मग मी पाहिलं, तो हळूहळू उभा राहिला, पँट झटकली आणि माझ्या वर्गात उत्तर द्यायला उभा राहायचा तसा सरळ झाला.

"नाही बाई," तो म्हणाला. पुन्हा शुद्ध मराठी. "तुमचं बरोबर होतं. कालला 'होती'च लागतं. हिलाच नीट सांगता आलं नाही." त्याने तेजूचा दंड धरला आणि तिला माझ्यासमोर उभी केली. "बाई तुझ्यासाठी एवढ्या धावत आल्या. बाईंना सॉरी म्हण. मराठीत."

"सुकदेव, गप्प बस!" मी ओरडले. असं मी वर्गातही कधी ओरडले नसेन. हर्षू दचकून रडायला लागला, पुष्पाबाईने त्याला उचललं. पण तोवर तेजूने हात मागे बांधले होते.

"माझी चूक झाली, बाई-आजी," ती म्हणाली. उच्चार स्वच्छ, लिंग-वचन सगळं जागेवर.

माझ्याच्याने राहवलं नाही. मी तिला जवळ ओढलं, तिचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि म्हटलं, "नाही गं राणी. चूक माझी झाली."

तिने क्षणभर माझ्या ओठांकडे पाहिलं. मी तिचं वाक्य सुधारते आहे असं तिला वाटलं.

"चूक माझी झाली," ती म्हणाली.